कपाटावरची पाचर

सॅन फ्रान्सिस्को
८ फेब्रुवारी १९९९

प्रिय अल्सीडमामा,

आधी वाईट बातमी सांगते. ग्रिपमनच्या प्रशिक्षणात मी नापास झाले. पंचवीस दिवसांचं शिक्षण, आणि नवव्या दिवशीच मला खाली उतरवलं.

सहा वर्षं मी याच केबल कारच्या मागच्या टोकाला कंडक्टर म्हणून उभी आहे. मागचा ब्रेक फिरवते, घंटेची दोरी ओढते. दोन टोले म्हणजे नीघ, तीन टोले म्हणजे जागच्या जागी थांब. वाटलं होतं, मागून पुढं, ग्रिपमनच्या जागी, जायचं म्हणजे दहा पावलं चालायचं. पण रस्त्याखालून धावणारा तो दोर पकडायचा दांडा हातात आला आणि दुसऱ्याच दिवशी माझे खांदे हलेनासे झाले. आम्हाला शिकवणारा ड्रिस्कॉल सगळ्यांसमोर म्हणाला, "बाई, दांडा ओढायचा असतो. त्याच्याशी कुस्ती खेळायची नसते." सगळे हसले. मीसुद्धा हसले, मग आगाराच्या मागं जाऊन रडले.

१९ एप्रिलला पुन्हा वर्ग सुरू होतो. ती माझी शेवटची संधी. दोनदा नापास झालेल्याला तिसऱ्यांदा उभं करत नाहीत. आई म्हणते, "मागं उभं राहण्यात काय वाईट आहे? तुझा मामा संघटनेच्या सभा गाजवायचा म्हणून तूपण गाजवायलाच हवी का?" तुमची बहीण आहे, तुम्हीच तिला समजवा.

आणि मला शिकवा. सत्तावीस वर्षं तुम्ही पुढं उभे होतात आणि एकदाही लाल दांडा ओढला नाहीत, हे आगारात अजून सांगतात. लाल दांडा ओढला की पोलादी पाचर रुळांमधल्या फटीत घुसते आणि गाडी जागेवर खिळते. मग गॅसच्या ज्योतीनं पाचर कापून काढेपर्यंत सगळी लाइन बंद, आणि कापलेला तुकडा ओढणाऱ्याच्या कपाटावर टांगतात. अजून टांगतात, मामा! ड्रिस्कॉलच्या कपाटावर दोन आहेत. तुमचं चौदा नंबरचं कपाट मी मागून घेतलंय. त्यावर नुसता खिळा आहे, रिकामा. तो खिळा बघत मी बूट घालते.

कसं जमवलंत, ते लिहा.

तुमची भाची,
डेल्फीन

•

ऑपेलूसस, लुइझियाना
१७ फेब्रुवारी १९९९

प्रिय डेल्फीन,

रडलीस ते ठीक केलंस. आता ते पुरे.

तू नापास झालीस कारण तू हातांनी ओढत होतीस. हातात असं किती बळ असतं? माझ्यापेक्षा दीडपट दंडाचे गोदी कामगार मी चौथ्या दिवशी पळून जाताना पाहिलेत. दांडा पाठीनं, कमरेनं, टाचांनी ओढायचा. मागं रेल. खुर्चीत बसतेस तशी हवेत बस आणि स्वतःचं सगळं वजन त्याच्यावर सोड. दोर ताशी साडेनऊ मैलांनी धावतो. गव्हर्नर गाडीत बसला तरी तो हळू होत नाही आणि तू रडलीस तरी थांबत नाही. त्याच्याशी भांडू नकोस. आधी सैल धर, दोर पकडीतून सरकू दे, गाडीला हलकेच जाग येऊ दे, मग आवळ. पहिल्याच झटक्याला आवळलंस तर उतारू एकमेकांच्या मांडीवर जाऊन बसतील.

पॉवेलची गाडी कॅलिफोर्निया रस्त्याच्या चौकात आली की दोर सोडायचा, कारण तिथं दुसऱ्या लाइनचा दोर आपल्या दोराच्या वरून जातो. सोडायला चुकलीस तर त्यांचा दोर कापशील. त्या चौकात देवाचीही आठवण काढू नकोस. फक्त सोड.

आणि कान बंद झाले तरी चालतील, तळपाय जागे ठेव. कंडक्टरनं मागं ब्रेक फिरवला की फळ्यांमधून बारीक थरथर येते. ती डोळ्यांनी दिसत नाही, पण बुटातून कळते. मागचा ब्रेक लागलाय की नाही हे ज्या ग्रिपमनला तळव्यांनी कळत नाही, त्यानं टॅक्सी चालवावी.

लोक तुला सांगतील, हे बाईचं काम नाही. मलाही सांगायचे, तुझ्यासारख्या काळ्या माणसानं मागं उभं राहावं, पुढं नको. मी सभेत उभा राहिलो आणि विचारलं, "नॉब हिलचा चढ तुमच्यातल्या कुणाकुणाला रंगावरून ओळखतो? हात वर करा!" एकही हात वर झाला नाही. डोंगराला जे कळतं ते माणसाला कळायला वेळ लागतो, म्हणून बोलत राहावं लागतं. मी आयुष्यभर बोललो. तुझ्यात माझी जीभ नाही, तुझ्या आईची, यूलालीची आहे. ती जास्त धारदार असते. वापर.

लाल दांड्याचं काय विचारतेस! गरज पडली नाही.

तुझा,
अल्सीडमामा

•

सॅन फ्रान्सिस्को
२९ एप्रिल १९९९

प्रिय मामा,

नववा दिवस उलटला! आज अकरावा. पाच जण होतो, तीन उरलोय. हवेत बसायचं जमलं. ड्रिस्कॉल दोन दिवस माझ्या टाचांकडं बघत राहिला. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "कुणी शिकवलं?" मी म्हटलं, "टपालानं." तळहातांना फोड आले होते, आता त्यांची कातडी झालीय. परवा चौकात दोर सोडला, घरंगळत पलीकडं गेले, पुन्हा धरला. एका आजीबाईंनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, गाडी अशीच चालते.

एक गोष्ट विचारायची आहे. दर गुरुवारी आगाराच्या खोलीत निवृत्त मंडळी डॉमिनो खेळायला येतात. त्यात फाउस्टो अबेया म्हणून एक फिलिपिनो म्हातारे आहेत. एक पाय लाकडी, बोलायला गमतीदार. मला म्हणाले, "पोरी, पुढं गेलीस की मागच्याला विसरू नकोस. मागचा नसेल तर तू नुसती घसरगुंडी." सगळे हसले. मग कुणीतरी सांगितलं, ही अल्सीड ब्रूसार्डची भाची. त्यांनी हातातल्या सोंगट्या उताण्या ठेवल्या, काठी घेतली आणि निघून गेले. डाव अर्धाच राहिला. कुणी मला काही सांगेना.

तुमचं भांडण झालं होतं का?

डेल्फीन

•

ऑपेलूसस
६ मे १९९९

प्रिय डेल्फीन,

फाउस्टो माझा कंडक्टर होता. नऊ वर्षं. १९६८ साली हाइड रस्त्याच्या उतारावर अपघात झाला, त्यात त्याचा पाय गेला. मागचा ब्रेक सोडून तो आपली जागा सोडून गेला होता, असं चौकशीत ठरलं. जुन्या गोष्टी आहेत.

तू तुझ्या कामाकडं बघ. भेंडी लावलीय, पाऊस बरा आहे.

मामा

•

सॅन फ्रान्सिस्को
१५ मे १९९९

प्रिय मामा,

तुमचं पत्र इतकं छोटं कधी नसतं. तब्येत बरी आहे ना?

माझं सांगते. बुधवारी सकाळी धुकं इतकं दाट होतं की रुळांवरून पाणी ओघळत होतं. मी हाइडच्या उतारावर होते, खाली समुद्राकडं तोंड. पुढं एक व्हॅन आडवी झाली. मी दोर सोडला, पायाचा ब्रेक दाबला, रुळांवरचे लाकडी ठोकळे दाबले. लाकूड जळाल्याचा वास आला, पण गाडी घसरतच राहिली. ड्रिस्कॉल ओरडला, "लाल! लाल ओढ!" माझा हात दांड्यावर होता, मामा. होताच. पण डोळ्यांपुढं तो रिकामा खिळा आला. वाटलं, अजून एक क्षण. ठोकळे धरतील. सत्तावीस वर्षं तुमचे धरले, माझे तीन आठवडे नाही धरणार?

ड्रिस्कॉलनं मला कोपरानं बाजूला सारून स्वतः ओढला. व्हॅनपासून चार हातांवर गाडी खिळली. व्हॅनमध्ये एक बाई होती, मागं बाळाची खुर्ची.

त्याच्या कपाटावर तिसरी पाचर लागली, माझ्यामुळं. पण त्यानं मला काढलं नाही. म्हणाला, "तुला ओढता येतो, हे मला दिसतंय. तू ओढशील का, ते माहीत नाही. १ जूनला शेवटची चाचणी. तोवर विचार कर."

मी विचार केलाय. चूक झाली ती उशिरा ब्रेक मारल्याची. आता मी दहा हात आधी ठोकळे दाबणार आणि लाल दांड्यापर्यंत वेळच येऊ देणार नाही. तो खिळा मी रिकामाच ठेवणार. तुमचं नाव मी खाली पडू देणार नाही.

रागावणार नसाल तर एक विचारू? तुम्ही लिहिलं होतं, मागचा ब्रेक तळव्यांना कळतो. खरंच कळतो, मला आता कळायला लागलंय. मग त्या दिवशी फाउस्टोंचा ब्रेक सुटलेला तुम्हाला कळला असेल ना? तेव्हा तुम्ही काय केलंत? तसा प्रसंग माझ्यावर आला तर काय करायचं, म्हणून विचारते.

डेल्फीन

•

ऑपेलूसस
२० मे १९९९

डेल्फीन,

हे पत्र मी पाच वेळा फाडलं. आता फाडणार नाही, कारण १ जून माझ्यासाठी थांबणार नाही.

तू मला जे विचारलंस ते एकतीस वर्षांत कुणी विचारलं नाही. चौकशीच्या तिन्ही साहेबांनी नाही, संघटनेनं नाही, तुझ्या आईनं नाही. उत्तर हे घे. फाउस्टोचा ब्रेक सुटला नव्हता. तो शेवटच्या आट्यापर्यंत आवळलेला होता, आणि मला ते माझ्या दोन्ही तळव्यांत कळत होतं.

सकाळची वेळ, ओले रूळ, हाइडचा तोच उतार. खाली फळांचा ट्रक अर्धा रस्त्यात उभा. गाडी घसरायला लागली. फाउस्टोनं मागचा ब्रेक आवळून अडकवून ठेवला आणि ओरडला, "अल्सीड, लाल!" माझा हात दांड्यावर होता, तुझा होता तसाच. मीही म्हटलं, अजून एक क्षण. का? कारण कपाटांवर पाचर टांगायची ती थट्टा मी सुरू केली होती. मी, सोळा वर्षं आधी, एका गरीब स्वभावाच्या ग्रिपमनला हसण्यासाठी. सगळ्यांना हसवणाऱ्याच्या कपाटावर पाचर लागली तर लोक काय म्हणतील, एवढंच डोक्यात होतं. अख्खी गाडी माणसांनी भरलेली आणि मी माझ्या खिळ्याचा विचार करत होतो!

बाहेरच्या पायरीवर माणसं लटकलेली होती, ट्रकच्या बाजूला. फाउस्टोनं ते पाहिलं. मी ओढत नाही हेही त्यानं पाहिलं. तो पायरीवरून पुढं आला आणि एकेकाला धरून आत ढकलत गेला. चार जणांना त्यानं आत ढकललं. पाचवा तो स्वतः होता. त्याचा पाय गाडी आणि ट्रकच्या मध्ये राहिला.

चौकशीत मला विचारलं, "मागचा ब्रेक लागलेला होता का?" मी म्हणालो, "मला मागचं दिसत नव्हतं." त्यात एक शब्द खोटा नव्हता. मी बोलणारा माणूस, शब्द कसा निवडायचा ते मला ठाऊक होतं. साहेबांनी लिहिलं, कंडक्टर जागा सोडून गेला. फाउस्टो तेव्हा इस्पितळात होता. परत आला तेव्हा त्याचं कपाट रिकामं करून ठेवलेलं होतं.

त्यानंतर अकरा वर्षं मी त्याच आगारात भाषणं केली. न्यायावर केली, एकीवर केली. जगात जिथं कुठं माणसाला चिरडलं जात होतं तिथल्या प्रत्येक माणसासाठी मी गळा फाडला. इथल्या वाचनालयातली निम्मी पुस्तकं मी वाचलीत, आणि प्रत्येक पुस्तकात कुणीतरी असा भेटतो, ज्याला बोलायला हवं होतं आणि जो बोलला नाही. मी पान उलटतो.

सत्तावीस वर्षांत लाल दांडा ओढला नाही, हा माझा मान नाही. तो माझा गुन्हा आहे आणि त्याच्यावर तू तुझं आयुष्य उभारायला निघालीस. मी हे चालू देणार नाही.

नीट ऐक. ठोकळ्यांनी धरलं नाही तर ओढायचा. शंका आली तरी ओढायचा. दिवसभर लाइन बंद पडू दे, शहरभर लोक शिव्या देऊ देत, कपाटाचं दार वजनानं तुटेपर्यंत पाचरी टांगू देत. ओढ!

हे पत्र फाउस्टोला दे. त्यानं वाचल्यावर संघटनेच्या सभेत वाचून दाखव. मी चौकशीच्या कागदांसाठीही लेखी जबानी देतोय.

यापुढं तू मला पत्र लिहिलं नाहीस तरी मला कारण कळेल.

अल्सीड ब्रूसार्ड

•

सॅन फ्रान्सिस्को
६ जून १९९९

मामा,

लिहिणार नव्हते. दहा दिवस तुमचा फोटो कपाटात उलटा ठेवलाय. आईला काही सांगितलं नाही, तिला तुम्हीच सांगायचं आहे.

पण फाउस्टोंकडं लगेच गेले, पत्र आलं त्याच गुरुवारी. डॉमिनोच्या टेबलावर त्यांच्यासमोर पत्र ठेवलं. त्यांनी चष्मा पुसला आणि वाचलं. मग पहिल्या पानापासून पुन्हा वाचलं. मी उभीच होते.

म्हणाले, "बस. तू काही केलेलं नाहीस."

मग म्हणाले, "माझा पाय गेला ना, तेव्हा तुझ्या मामानं सभेत माझ्यावर इतकं सुंदर भाषण केलं, इतकं सुंदर, की मला वाटलं मी मेलोच." टेबलावरचे दोघे हसले. ते हसले नाहीत.

"त्यानंतर प्रत्येक सभेला मी यायचो. कुबड्या घेऊन. शेवटच्या रांगेत बसायचो. वाटायचं, आज बोलेल. तो खाणीतल्या मजुरांवर बोलला. द्राक्षं तोडणाऱ्यांवर बोलला. युद्धावर बोलला. मी म्हणायचो, अरे, एक वाक्य! तेवढंच राहिलंय!"

मी विचारलं, सभेत हे पत्र वाचू का?

त्यांनी पत्राची घडी केली आणि माझ्या हातात परत दिली. "नाही. लिहायला काय, कुणीही लिहील. तो बोलणारा माणूस आहे. त्याला सांग, ये. या खोलीत उभा राहा, आणि तोंडानं बोल."

मी म्हटलं, "ते त्र्याहत्तर वर्षांचे आहेत. तीन दिवसांचा प्रवास आहे."

"मी चौऱ्याहत्तर वर्षांचा आहे आणि तीन जिने चढून येतो. एका पायानं. जास्त बोलू नकोस."

हा निरोप. आता चाचणीचं.

१ जूनला पुन्हा धुकं होतं. ड्रिस्कॉल माझ्या खांद्यामागं, मागच्या ब्रेकवर इग्नेशियस. नॉब हिल नीट पार केलं, चौकात दोर सोडला, धरला. हाइडचा उतार लागला. अर्ध्यावर एका गॅरेजातून एक लांबलचक निळी गाडी मागं-मागं बाहेर यायला लागली, चालवणारा मान वळवून दुसरीकडंच बघतोय. घंटा बडवली, त्याला ऐकू नाही. दोर सोडला. पाय दाबला. ठोकळे दाबले. इग्नेशियसचा ब्रेक तळव्यात आला, पूर्ण आला, मला कळलं, तो त्याचं काम करतोय. तरी घसरण होतीच. कदाचित ठोकळ्यांनी धरलंही असतं. मी थांबले नाही. ड्रिस्कॉलनं तोंड उघडायच्या आत मी लाल दांडा दोन्ही हातांनी, पाठीनं, टाचांनी ओढला.

असा दणका बसला की ड्रिस्कॉलची टोपी निळ्या गाडीच्या टपावर जाऊन पडली. तेव्हा कुठं त्या माणसानं वळून पाहिलं.

ड्रिस्कॉल खाली उतरला. फटीत वाकून पाहिलं. अंतर पावलांनी मोजलं, नऊ पावलं. माझ्याकडं येऊन म्हणाला, "नऊ पावलं होती. घाई केलीस असं लोक म्हणतील."

मी म्हटलं, "म्हणू देत."

"पन्नास मिनिटं लाइन बंद राहणार. तुझ्या नावानं अख्खं शहर बोटं मोडणार."

"मोडू देत."

"बरं," तो म्हणाला. "पास."

मामा, मी ग्रिपमन झाले. बिल्ला परवा मिळतोय.

या गुरुवारी मंडळींनी पाचरीचा तुकडा टांगायला आणला. ढोल वाजवत आले, नेहमीसारखे. चौदा नंबरपाशी आल्यावर ड्रिस्कॉल म्हणाला, हिच्या पहिल्याच आठवड्यात नको, राहू द्या. मी त्याच्या हातातून तुकडा घेतला आणि त्या खिळ्याला स्वतः अडकवला. मग मी म्हटलं, "या खिळ्यावर ही एकतीस वर्षं उशिरा लागतेय. का, ते सांगणारा माणूस येणार आहे." फाउस्टो दारात उभे होते. या वेळी ते निघून गेले नाहीत. डॉमिनोला थांबले.

तुम्ही याल, असं मी तुम्हाला न विचारता बोलून बसले आहे. यूलालीची जीभ.

फोटो सरळ केलेला नाही. तुम्ही येऊन करा.

डेल्फीन

•

ऑपेलूसस
१२ जून १९९९

प्रिय डेल्फीन,

तुझं पत्र आलं तेव्हा मी अंगणात होतो. 'पास' शब्दापर्यंत आलो आणि शेजारच्या बाईला इतक्या मोठ्यानं हाक मारली की तिची कोंबडी कुंपणावरून उडाली. तू नऊ पावलं आधी थांबलीस! या नऊ पावलांसमोर माझी सत्तावीस वर्षं कुणी ठेवली तर मी स्वतः ती उचलून बाहेर फेकीन.

येतोय. सोमवारी, २१ तारखेला बसनं निघतो, गुरुवारी, २४ तारखेला सकाळी पोहोचतो. डॉक्टर नको म्हणतो. त्याला मी म्हटलं, आयुष्यात एकदा उशीर केला, त्याचा परिणाम तुम्हाला माहीत नाही. यूलालीशी काल फोनवर बोललो, सगळं सांगितलं. ती म्हणाली, "घरी जेवायला ये, पण आधी तिकडं जाऊन ये." तिचा नियम बरोबर आहे.

स्टेशनवर मला घ्यायला येऊ नकोस. तू कामावर असशील आणि असायलाच हवीस. पॉवेलच्या तळाशी, जिथं तुम्ही गाडी हातानं फिरवता, तिथं रांगेत उभा राहून तुझ्या गाडीत चढेन. मला पुढं तुझ्याजवळ बसवू नकोस. मी मागं उभा राहीन, कंडक्टरच्या ब्रेकपाशी. सत्तावीस वर्षांत मी तिथं एकदाही उभा राहिलो नाही. तिथून पुढचं काय दिसतं, ते मला बघायचं आहे.

फाउस्टोला सांग, त्यानं बोलावलं तसा येतोय. क्षमा मागायला येतोय, पण ती द्यायची की नाही हे त्याचं आहे. मी त्यासाठी अडून बसणार नाही. त्याला शेवटच्या रांगेत बसू देऊ नकोस. पहिल्या रांगेत बसव, हातात काठी असू दे. मी बोलत असताना त्यानं ती जमिनीवर तीनदा आपटली तर मी तिथंच थांबेन. दोनदा आपटली तर पुढं जाईन. नऊ वर्षं मी त्याचे टोले ऐकत आलो आणि ज्या दिवशी ऐकायला हवं होतं त्या दिवशी ऐकलं नाही. या वेळी ऐकेन.

माझं प्रत्येक भाषण मी आधी लिहून पाठ करायचो, हे तुला माहीत नसेल. लोकांना वाटायचं, आतून येतं. या वेळी काही लिहिलेलं नाही. पहिलं वाक्य तेवढं ठरलंय. बसमध्ये तीन दिवस तेच म्हणत येईन, म्हणजे दारात पाय अडखळला तरी वाक्य अडखळणार नाही.

मागचा ब्रेक लागलेला होता.

तुझा,
अल्सीडमामा